बेडकाचा आवाज टिपणं वेगळं, बेडकांवर पाळत ठेवणं वेगळं

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की नागपुरातल्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेडकांचे आवाज यायला लागतात. कुणी अंबाझरीच्या मागच्या बाजूने पाठवतं, कुणी गोरेवाड्याच्या काठावरून, कुणी मौद्याकडच्या धानाच्या बांधीतून. मला ते ऐकायला मनापासून आवडतं. त्रास होतो सप्टेंबरात. तेव्हा त्याच ग्रुपवर कुणीतरी ठामपणे लिहितं, ‘यंदा बेडूक कमी झालेत, क्लिपच आल्या नाहीत फारशा’, आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. दरवर्षी हेच वाचतेय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

फोनवर आवाज कसा टिपायचा हे तुम्हाला येतं, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. मूळ फाइल जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून गेलेला आवाज बहुतेकदा दाबून लहान केलेला असतो. तारीख, वेळ, ठिकाण लिहा. आणि हात जोडून सांगते, आवाजाखाली गाणं लावू नका. असं एक साधं टिपण एक गोष्ट पक्की सांगतं: या रात्री, या जागी, या जातीचा नर ओरडत होता. ही लहान गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियन म्युझियमने २०१७ मध्ये सुरू केलेला ‘फ्रॉगआयडी’ उपक्रम याच पायावर उभा आहे. लोक फोनवरून आवाज पाठवतात, जाणकार ते ऐकून जात ठरवतात, आणि कुठली जात कुठवर पसरली आहे याचा नकाशा भरत जातो.

पाळत म्हणजे दुसरंच काम. ‘ऑडिओमॉथ’सारखा तळहातावर मावणारा रेकॉर्डर पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून झाडाला बांधतात आणि त्याला वेळापत्रक देतात. समजा, संध्याकाळी ६ ते सकाळी ६, दर १० मिनिटांतलं १ मिनिट. म्हणजे रात्रीची ७२ मिनिटं. सेकंदाला आवाजाचे ३२,००० नमुने घेतले तर मिनिटाला साधारण ४ एमबी, रात्रीला २८० एमबीच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डात अख्खा पावसाळा मावतो. जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी, हे वेगळं सांगायला नको.

इथे बहुतेकांना वाटतं की फरक यंत्राचा आहे. माइक कुठला, किंमत किती, बॅटरी किती दिवस, यावर तासन्‌तास चर्चा होते. ते सगळं गौण आहे. उत्तर अमेरिकेत १९९७ ते २०१५ या काळात स्वयंसेवकांनी नुसत्या कानांनी पाळत ठेवली. ठरलेला रस्ता, त्यावर १० थांबे, प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटं ऐकायचं आणि लिहायचं. बेडूक ओरडो न ओरडो, थांबायचं आणि लिहायचंच. उलट महागडा रेकॉर्डर बेडूक ओरडताना दिसला की चालू केला आणि थांबला की बंद केला, तर ते टिपणच झालं.

खरी मेख आहे शून्यात. टिपणात शून्य कधीच नसतं. बेडूक ओरडला नाही त्या रात्रीची क्लिप कुणी पाठवत नाही. त्यामुळे क्लिप आली नाही, तर बेडूक नव्हता, की कुणी गेलंच नाही, की गेलेला माणूस पावसाला कंटाळून नऊला घरी परतला, हे कळायला मार्गच उरत नाही. ‘क्लिप कमी आल्या’ हे बेडकांबद्दलचं नव्हे, आपल्याबद्दलचं विधान आहे. मोठा पाऊस मंगळवारी पडला की क्लिप कमी, शनिवारी पडला की भरपूर.

आपल्याकडच्या मोठ्या भारतीय बेडकाचं उदाहरण घ्या, ज्याचे नर पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळेजर्द होतात. पहिल्या जोरदार पावसानंतर मोजक्या रात्री हे नर डबक्यांत जमून एकच गदारोळ करतात, आणि मग बरेचसे गप्प होतात. रामटेककडच्या एका बोडीवर, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावर, मी रेकॉर्डर बांधला होता. आठवड्याने गेले तेव्हा शेजारच्या बांधीतले काका म्हणाले, ‘‘काऊन जी, आता काय ऐकता? बेंडकं त परवाच्या रात्रीच वरडून गेले.’’ कार्ड उघडलं. काकांचं बरोबर होतं: दोन रात्री कान किटतील असा गजर, तिसऱ्या रात्री तुरळक, पुढे त्या जातीचा एकही आवाज नाही. रविवारी फोन घेऊन गेलेल्या माणसाला ती बोडी मोठ्या बेडकांविना वाटली असती. रेकॉर्डरच्या शून्याला मात्र अर्थ होता, कारण त्या शांत रात्रींतही दर दहा मिनिटांनी माइक चालू होता, याची नोंद माझ्यापाशी होती.

पण इथेही एक फसगत आहे. धो-धो पाऊस डबीवर पडत असला की फाइलमध्ये फक्त तडतड असते. फुटाळा तलावाच्या बाजूला गाड्यांची घरघर खर्जातला आवाज गिळून टाकते. लग्नाचा डीजे असेल तर विचारूच नका. त्या मिनिटांपुढे शून्य लिहिणं चूक आहे. माझ्या वहीत म्हणून तीन रकाने आहेत: ऐकू आला, ऐकू आला नाही, ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिसरा रकाना नसलेला तक्ता समोर आला की मी त्यावरचे निष्कर्ष वाचतच नाही. मला हा हट्ट वाटत नाही. जोराच्या पावसाच्या रात्रीच बेडूक सर्वाधिक ओरडतात, आणि त्याच रात्री आपण चुकून रिकाम्या धरल्या तर चित्र उलटंच होतं.

आवाजावरून डोकी मोजण्याचा मोहही आवरा. एरवी ओरडतात ते नर. अंडी घालायला आलेली मादी गजरात ऐकू येत नाही, आणि काही नर गप्प बसून दुसऱ्याच्या हाकेवर आलेली मादी गाठायला टपलेले असतात. म्हणून मी त्या अमेरिकी स्वयंसेवकांची पद्धत वापरते: काहीच नाही तर ०, सुटे आवाज मोजता येतात तर १, आवाज एकमेकांवर चढतात पण वेगळे ओळखू येतात तर २, सलग गजर असेल तर ३. ‘३’ म्हणजे किती बेडूक, असं मला विचारू नका. त्यापेक्षा त्या रात्रीचं तापमान विचारा, कारण गारठ्यात तोच नर सावकाश ओरडतो.

रेकॉर्डरचं घड्याळ तपासा. अशी काही यंत्रं फाइलला जागतिक प्रमाणवेळ लावतात, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पहिल्या वर्षी माझ्या तक्त्यात रात्री आठचा गजर दुपारी अडीचला लागला होता आणि दोन महिन्यांचे रकाने पुन्हा भरावे लागले. आणि बेडकाने ओरडावं म्हणून फोनवर त्याचाच आवाज वाजवणं बंद करा. त्याने मिळालेला आवाज पाळतीच्या कामाचा नाही, आणि ऐन विणीच्या रात्री त्या जिवाला विनाकारण झगडायला लावणं मला पटत नाही.

एखादी बोडी बुजवायला निघाले तर तुमची क्लिप कामाची आहे. ‘इथे हा बेडूक आहे’ हे ती दाखवते, आणि ते वेळेवर दाखवणारा माणूस हवाच. पण एखाद्या मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, काठावर बांधकाम झाल्यावर बेडूक घटले, असं म्हणायचं असेल तर बांधकामाच्या आधीची आणि नंतरची, सारख्याच वेळापत्रकाची, शून्यांसकट वही लागते. ती नंतर तयार करता येत नाही.

म्हणून यंदा घराजवळचं एकच डबकं धरा. रेकॉर्डर नसेल तर नसू द्या. आठवड्यातल्या ठरलेल्या दोन रात्री, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटं. आणि ग्रुपवर क्लिपसोबत हेही पाठवा: ‘रात्री ९ ते ९.०५, पाऊस नाही, वारा नाही, काही ऐकू आलं नाही.’ त्याला अंगठा मी देईन.