महाद्वार रोडवर गर्दी आहे, मग पिशव्या कुठं गेल्या?

रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात महाद्वार रोडला गेला असाल तर माहितीच असेल, पाय ठेवायला जागा नसते. पण दिवाळीच्या आधी काकांच्या दुकानात बसलो होतो (आडव्या गल्लीत आहे, ब्लाउजपीस, अस्तर, परकर असलं जुनं दुकान), आणि काका म्हणाले, "माणसं किती चाललीत बघ, आणि हातात पिशव्या किती आहेत तेपण बघ." बघितलं तर खरंच की, दहा-बारा माणसांमागं एखादी पिशवी, त्यातपण निम्म्यांत अंबाबाईचा प्रसाद.

कारण विचारलं की उत्तर तयार असतं. पार्किंग नाही, आणि दुसरं म्हणजे मोबाईल. काकांसकट रोडवर कुणालाही विचारा, हेच दोन.

आता गंमत अशी की गिऱ्हाईक कुठल्या बाजाराला जाईल याचं चक्क एक गणित आहे. १९३१ साली विल्यम रायली नावाच्या अमेरिकन माणसानं न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच बाजाराला लावलं, म्हणजे गाव जेवढं मोठं तेवढी त्याच्या बाजाराची ओढ जास्त आणि अंतर वाढलं की ओढ अंतराच्या वर्गाच्या हिशोबानं कमी (वर गावाचा आकार, खाली अंतराचा वर्ग, असा भागाकार). पुढं १९६० च्या दशकात डेव्हिड हफनं त्यात दुरुस्ती केली, की अंतर म्हणजे नुसते किलोमीटर नव्हेत, पोचायला लागणारा वेळ. म्हणजे शहराच्या कडेच्या कळंब्यातनं गाडी काढून पंधरा मिनिटांत आलात आणि पुढची वीस मिनिटं गाडी लावायला जागा शोधत फिरलात तर गणिताच्या दृष्टीनं तुम्ही पस्तीस मिनिटं लांब राहता. इथं काका बरोबर आहेत.

पण मोबाईलचं काय? मोबाईल उशाशीच असतो, अंतर शून्य, आणि शून्यानं भागायला गेलं की काय होतं ते आपण शाळेत शिकलोय. अंतराच्या शर्यतीत कुठलाच रस्ता मोबाईलला हरवू शकत नाही, पार्किंगचे दहा मजले बांधले तरी नाही. मग उरतं काय तर वरचा आकडा, अंश, म्हणजे तिथं गेल्यावर मिळतं काय.

ते बघायला चप्पल लाईनीत चला. कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) घ्यायला गेलं की दुकानदार आधी तुमच्या पायाकडं बघतो, नंबर विचारत पण नाही, वरची एक जोडी काढतो, अंगठा घट्ट लागतोय म्हटलं की त्यात दोन बोटं घालून ओढून देतो आणि वर सांगतो की दोन दिवस घरात वापरा, मग बसतंय बघा पायात. नाही पटलं तर शेजारी दुसरं दुकान, त्याच्या शेजारी तिसरं. सगळं एकाच लायनीत का, एकमेकांचं गिऱ्हाईक तोडत नाहीत का, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. हॅरल्ड हॉटेलिंगनं १९२९ मध्ये दाखवलं होतं की सरळ रस्त्यावर एकच माल विकणारे दोघं असले तर दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायच्या नादात दोघंही सरकत सरकत शेजारी शेजारी येऊन बसतात. शिवाय गिऱ्हाइकाला एका फेरीत दहा ठिकाणी बघता येतं, म्हणून ते लांबनं येतं. गुजरीत सोन्याचं तेच. एकटं दुकान माळावर काढलं तर एवढ्या लांबनं कोण येणार तिथं?

पण हे सगळं चालतं कशावर, तर पायांवर. जरा हिशोब करू. गाळा १० फुटांचा म्हणजे साधारण ३ मीटर. रमतगमत चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो, म्हणजे दुकान त्याच्या डोळ्यासमोर साधारण अडीच सेकंद राहतं. गाडीवरनं ताशी २० किलोमीटरनं जाणाऱ्याला अर्धाच सेकंद, आणि तोही समोरच्या रिक्षाकडं बघण्यात जातो. अडीच सेकंदांत अस्तराचा रंग दिसतो, पाय थांबतो, भाव विचारला जातो, आणि बाजार म्हणजे शेवटी हेच की.

आता रविवारच्या गर्दीकडं परत बघा. दुकानाच्या पायरीला लागून गाड्यांची रांग, त्यामुळं चालणारा माणूस पायरीपासून दोन मीटर लांब, रस्त्याच्या मधोमध, मागनं हॉर्न, पुढं हातगाडी, एका हातात पोरगं. त्याचं लक्ष दुकानात असेल कसं? एक मीटर रुंदीच्या वाटेतनं मिनिटाला २५-३० माणसं धक्का न लागता जातात, म्हणजे गाड्यांच्या एका रांगेनं मिनिटाला ५०-६० माणसांची वाट खाल्ली, तीसुद्धा दुकानाला चिकटून असलेली, सगळ्यात किमती.

मग मी त्या संध्याकाळी रिकामटेकडेपणानं मोजलं. काकांच्या आजूबाजूच्या सहा गाळ्यांसमोर चौदा गाड्या. पाच वाजल्यापासनं आठ वाजेपर्यंत बघत होतो. त्यातल्या नऊ हलल्याच नाहीत. एक काकांची स्कूटर, दोन शेजारच्यांच्या, बाकीच्या दुकानातल्या पोरांच्या. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग काय डोक्यावर घेऊ व्हय?"

हे फक्त आपल्याकडंच नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलला एका बाजाररस्त्यावर दुकानदारांना विचारलं होतं की तुमची किती गिऱ्हाइकं कारनं येतात. ते म्हणाले ४१ टक्के. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाली २२. कारवाला पार्किंगबद्दल कुरकुर करतो म्हणून लक्षात राहतो, चालत आलेला कशाला कुरकुर करतोय. आणि फुकटची जागा दिवसभर अडकते, हे अमेरिकेतले डोनाल्ड शूप आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचं म्हणणं, पार्किंगचा दर असा ठेवा की शंभरातल्या पंधरा जागा कायम मोकळ्या राहतील. म्हणजे येणाऱ्याला जागा लगेच मिळेल आणि दिवसभर लावणारा आपोआप लांब जाईल.

मॉलवाल्यांना हे सगळं पहिल्यापासून कळलंय. व्हिएन्नाचा व्हिक्टर ग्रुएन हिटलरच्या काळात अमेरिकेत पळून गेला, त्यानं १९५६ साली मिनेसोटात साउथडेल हा छप्पर घातलेला पहिला मोठा मॉल बांधला. त्याच्या डोक्यात होतं जुन्या शहराच्या चौकासारखं काहीतरी, घरं, शाळा, सगळं शेजारी. झालं काय तर दुकानं तेवढी उभी राहिली आणि भोवती पार्किंगचा समुद्र. पण एक युक्ती मॉलमध्ये कायमची बसली. मोठी, माणसं ओढणारी दुकानं दोन टोकांना ठेवायची, मधल्या छोट्या दुकानांवरनं लोकांना चालायला लावायचं, आणि त्या मोठ्या दुकानांकडनं भाडं कमी घ्यायचं कारण गर्दी त्यांची असते.

आपल्याकडं एका टोकाला अंबाबाई आहे. भाडं न घेता माणसं आणते, तेपण बारमाही! दुसरं टोक पाहिजे, आणि ते टोक पार्किंगच होऊ शकतं, फक्त दारात नको. बिंदू चौकात गाडी लावून देवळाकडं चालत निघालेला माणूस वाटेत किती उंबऱ्यांवरनं जातो ते मोजा. दारात लावलेली गाडी एका दुकानाला गिऱ्हाईक देईल, लांब लावलेली अख्ख्या रस्त्याला देते.

कोपनहेगनला १९६२ मध्ये स्ट्रॉयेट हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही आरडाओरडा केला होता, असलं रस्त्यावर रेंगाळणं इटलीत चालेल, आमच्या थंडीत नाही. आता तोच रस्ता शहराची ओळख झालाय. दिल्लीत चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे, माल बाकीच्या वेळात उतरवायचा. आपल्याला लगेच एवढं नको, शनिवार-रविवारी संध्याकाळी करून बघायचं, राहणाऱ्यांना पास द्यायचा, म्हाताऱ्यांसाठी एखादी छोटी बॅटरीची गाडी ठेवायची.

काकांना एवढं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा मागवला. मग म्हणाले, "मी एकट्यानं गाडी काढली की त्या जागी तो समोरचा लावतोय. आधी त्याला जाऊन सांग."

समोरच्याला जाऊन सांगितलं. त्यानं काकांकडं बोट दाखवलं.