बाखला विसरलं कोण होतं नेमकं?

जर्मन संगीतकार बाखबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात, की १७५० मध्ये तो लाइपझिगला वारला, जग त्याला विसरलं आणि मग १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेलसोन या संगीतकारानं बर्लिनमध्ये त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या अखेरच्या दिवसांवरची मोठी गायन-वादन रचना) बसवून त्याला परत आणलं. ऐकायला भारी वाटते पण अर्धीच खरी. विसरले ते ऐकणारे, वाजवणारे कुठे विसरले होते?

त्याची ती पियानोसारख्या वाद्यांसाठीची ४८ प्रेल्यूड-फ्यूग आहेत ना (आधी एक मोकळा तुकडा, मग एकच धून आवाजांनी एकामागून एक उचलायची), बारा स्वर, प्रत्येकाचे मेजर आणि मायनर हे दोन स्वरप्रकार धरून २४, असे दोन भाग, पहिला १७२२ चा, ती पूर्ण छापून आली थेट १८०१ च्या आसपास. तोवर हातानं उतरवून घ्यायची, आपल्याकडे चिजांच्या वह्या फिरायच्या तशी जवळजवळ. बॉनमध्ये नेफे नावाच्या मास्तरांनी एका पोराकडून हीच घोटून घेतली आणि हा पोरगा ती वाजवतो असं १७८३ मध्ये छापूनही आणलं. पोरगा म्हणजे बीथोवन, वय बारा.

मोत्झार्टचं तर अजूनच मजेशीर. १७८२ मध्ये तो वडिलांना पत्रात लिहितो की दर रविवारी बारा वाजता बॅरन फान स्वीटेन नावाच्या संगीतप्रेमी सरदाराकडे जातो, तिथे हेंडेल (बाखच्याच काळातला संगीतकार) आणि बाख सोडून काही वाजतच नाही. मग १७८९ मध्ये लाइपझिगला गेला, तेव्हा बाख जिथे शिकवायचा त्या शाळेतल्या पोरांनी त्याला बाखचं एक मोटेट, म्हणजे समूहानं गायचं धार्मिक गीत, ऐकवलं, आठ आवाजांचं. यानं स्कोअर, म्हणजे सगळे आवाज एकाखाली एक लिहिलेली प्रत, मागितला तर स्कोअर नव्हताच, नुसते एकेका आवाजाचे सुटे कागद. मग काय, ते कागद दोन्ही हातांत, मांडीवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरले आणि आठही ओळी डोक्यात जुळवत बसला, सगळं वाचून होईपर्यंत उठला नाही. हे रॉखलिट्झ नावाच्या संगीत-लेखकानं लिहून ठेवलंय आणि तो बाबा तिखटमीठ लावण्यात पटाईत, त्यामुळे खुर्च्यांचं माहीत नाही बुवा, पण त्या मोटेटची मोत्झार्टकडची नक्कल व्हिएन्नात आहे आणि वर त्याच्याच अक्षरात टीप आहे, की याला अख्खा ऑर्केस्ट्रा जोडायला हवा.

मेंडेलसोनकडेही पॅशन आलं ते नकलेतूनच, आजीनं भेट दिलेली, तेव्हा तो पंधराच्या आतबाहेर. त्यानं बरीच काटछाट करून ते सादर केलं, तिकिटं संपली, दहा दिवसांत २१ मार्चला, म्हणजे बाखच्या वाढदिवशी, पुन्हा करावं लागलं. ऐकणाऱ्यांना बाख सापडला तो असा.

पुढे पियानोवादक-संगीतकार शोपँ मायोर्का बेटावर जाताना ती ४८ सोबत घेऊन गेला, आणि १३ वर्षांच्या कझाल्स या चेलोवादकाला बार्सिलोनातल्या एका दुकानात बाखचे चेलो स्वीट्स (एकट्या चेलोसाठीच्या रचनांचे संच) सापडले तर बारा वर्षं रियाज केल्यावर त्यानं अख्खा स्वीट लोकांपुढे वाजवला. पण माझी आवडती गोष्ट १९५० ची. बाखला जाऊन २०० वर्षं झाली म्हणून लाइपझिगला स्पर्धा होती, रशियन संगीतकार शोस्ताकोविच परीक्षक. मॉस्कोची पियानोवादक तात्याना निकोलायेवा आली ती ४८ पैकी म्हणाल ते वाजवते अशा तयारीनं, आणि जिंकली. शोस्ताकोविच घरी जाऊन लिहायलाच बसला, फेब्रुवारी १९५१ पर्यंत त्याची स्वतःची २४ प्रेल्यूड-फ्यूग तयार, आणि ती पहिल्यांदा सगळी वाजवली निकोलायेवानंच. नोव्हेंबर १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तीच वाजवत असताना तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. नऊ दिवसांनी गेली.