शिकारी पक्ष्यांतील आंत्र आदिजीव

ससाणे, गरुड, शिक्रे, बझर्ड, घारी व घुबडे यांच्या आतड्यात राहणारे एकपेशीय परजीवी. यांत कॉक्सिडिया गट सर्वांत महत्त्वाचा असून त्यातील कॅरिओस्पोरा व सार्कोसिस्टिस या दोन प्रजातींभोवती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) बहुतेक अभ्यास फिरतो. क्रिप्टोस्पोरिडियम, जिआर्डिया इत्यादींच्या नोंदी तुरळक आहेत. शिकारी पक्षी बरेचदा भक्ष्य आतड्यासकट खातो, त्यामुळे त्याच्या विष्ठेत सापडणारा प्रत्येक आदिजीव त्याचाच असेल असे धरता येत नाही. या विषयातील बराचसा गोंधळ याच एका गोष्टीतून उद्भवलेला आहे.

ओळख मुख्यतः ऊसिस्टच्या (जाड कवचाच्या, विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या अवस्थेच्या) अंतर्रचनेवरून पटते. पक्व ऊसिस्टमध्ये ४ स्पोरोसिस्ट (आतील पुटिका) व प्रत्येकात २ स्पोरोझोइट (लागण करणाऱ्या पेशी) असतील तर आयमेरिया. २ स्पोरोसिस्ट व प्रत्येकात ४ असतील तर आयसोस्पोरा. एकच स्पोरोसिस्ट व त्यात ८ असतील तर कॅरिओस्पोरा. क्रिप्टोस्पोरिडियममध्ये स्पोरोसिस्टच नसतो. जेमतेम ४ ते ६ मायक्रोमीटरच्या ऊसिस्टमध्ये ४ स्पोरोझोइट मोकळे असतात. सार्कोसिस्टिसचा ऊसिस्ट आतड्यातच पक्व होतो, त्याची भिंत इतकी पातळ असते की ती वाटेतच फाटते आणि विष्ठेत सुमारे १२ × ९ मायक्रोमीटरचे, ४ स्पोरोझोइट असलेले सुटे स्पोरोसिस्ट मिळतात.

ही शेवटची बाब जुन्या वाङ्‌मयात दीर्घकाळ दिशाभूल करीत राहिली. १९३२ मध्ये हेन्री यांनी शिकारी पक्षी व घुबडांतून आयसोस्पोरा ब्युटिओनिस ही जाती वर्णिली. विष्ठेत आधीच पक्व स्थितीत येणारे, पातळ भिंतीचे व बहुधा सुटे स्पोरोसिस्ट हे तिचे लक्षण. अशा स्वरूपाचे जे जे काही पुढे शिकारी पक्ष्यांत आढळले, ते याच नावाखाली गेले. दुसऱ्या बाजूला, १९३४ मध्ये फिंडले व मिडल्टन यांनी इंग्लंडमधील व्होल उंदरांच्या मेंदूत मोठ्या पुट्या पाहिल्या व त्यांना टॉक्सोप्लाझ्मा मायक्रोटी म्हटले. नंतर त्यांच्यासाठी फ्रेंकेलिया ही प्रजाती करण्यात आली. हे दोन धागे एकाच प्राण्याचे आहेत हे १९७० च्या दशकात उलगडले. सार्कोसिस्टिसला दोन पोषक (परजीवी ज्यांच्या शरीरात राहतो ते प्राणी), म्हणजे भक्ष्य व भक्षक, लागतात हे तोवर सिद्ध झाले होतेच. मग १९७५ मध्ये रोमेल व क्राम्पित्झ यांनी व्होलच्या मेंदूतील पुट्या बझर्डला खाऊ घालून त्याच्या विष्ठेत स्पोरोसिस्ट मिळवले. चेकोस्लोव्हाकियातील प्रयोगांतून गव्हाणी घुबड व घरउंदीर (सार्कोसिस्टिस डिस्पर्सा), खरुची (केस्ट्रेल हा लहान ससाणा) व व्होल (सा. चेर्ने) अशा आणखी जोड्या त्याच सुमारास निश्चित झाल्या. १९९८ मध्ये व्होटिप्का व सहकाऱ्यांनी रेणवीय पुराव्यावरून फ्रेंकेलियाला सार्कोसिस्टिसमध्ये विलीन करण्याचे सुचवले. फ्रेंकेलिया हे नाव अजूनही काही लिखाणात टिकून असले, तरी विलीनीकरणाची बाजू अधिक सयुक्तिक दिसते. आयसोस्पोरा ब्युटिओनिस हे नाव जुन्या यादीत आढळल्यास तेथे बहुतेक वेळा सार्कोसिस्टिस असे वाचावे.

सार्कोसिस्टिसमुळे शिकारी पक्षी सहसा आजारी पडत नाही, आणि त्याचे कारण जीवनचक्रात आहे. भक्ष्याच्या स्नायूतील किंवा मेंदूतील पुटीमधून सुटलेले ब्रॅडिझोइट (पुटीत साठलेल्या परजीवी पेशी) पक्ष्याच्या लहान आतड्यात थेट नर-मादी पेशींत रूपांतरित होतात. तेथे अलैंगिक गुणन होत नाही. जितके गिळले, जवळपास तितक्याच आतड्याच्या पेशी गुंततात. गुणाकार होतो तो भक्ष्यात, म्हणून नुकसानही भक्ष्याचेच. सा. कॅल्चासी (२०१० मध्ये नामकरण) याचे ठळक उदाहरण आहे : गोशॉक व कूपर्स हॉक या शिक्रावर्गीय पक्ष्यांच्या आतड्यात तो निरुपद्रवी असतो, पण त्यांच्या विष्ठेतील स्पोरोसिस्ट कबुतराच्या पोटात गेले की काही आठवड्यांनी कबुतरात मेंदूदाह होतो, मान वळते, तोल जातो. असे कबूतर पकडायला सोपे, हे वेगळे सांगायला नको.

कॅरिओस्पोराची गोष्ट उलटी आहे. येथे पक्ष्याच्या आतड्यातच अलैंगिक गुणनाच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत आतड्याच्या अस्तराच्या पेशी फुटतात. ससाण्यांतून कॅ. फाल्कोनिस (१९३७), कॅ. निओफाल्कोनिस व कॅ. कुट्झेरी (१९८२) आणि कॅ. मेगाफाल्कोनिस या जाती वर्णिल्या आहेत. त्यांचे ऊसिस्ट मोठे, साधारण २५ ते ४५ मायक्रोमीटर असतात. निओफाल्कोनिस लहान बाजूस, मेगाफाल्कोनिस मोठ्या. केवळ मापावरून जाती ठरवणे धोक्याचे आहे, कारण मापांच्या कक्षा काही अंशी एकमेकींवर येतात व एकाच पक्ष्यात दोन जाती एकत्र असू शकतात.

कॅरिओस्पोराचा प्रसार थेट होतो की भक्ष्यामार्फत, हा वाद जुना आहे. शंका आली ती सापांवरून. या प्रजातीचे पहिले वर्णन (लेजे, १९०४) सापातील जातीचे होते, आणि १९८२ मध्ये वर्णिलेल्या कॅ. बायजेनेटिका या रॅटलस्नेकमधील जातीचा विकास उंदराच्या त्वचेतही होतो असे दिसले. त्यावरून ससाण्यांनाही उंदरांमार्फत लागण होत असावी असा तर्क झाला. मात्र अमेरिकी शृंगी घुबडातील कॅ. बुबोनिसचा विकासक्रम कॉथॉर्न व स्टॉकडेल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी घुबडातच अभ्यासला. शिवाय पाळलेल्या पिल्लांत एकाच पिंजऱ्यात वर्षानुवर्षे होणारी लागण थेट प्रसाराकडेच बोट दाखवते. भक्ष्याचा मार्ग असलाच तर तो पर्यायी असावा. सापांतील जातींच्या स्पोरोसिस्टला ‘स्टीडा पिंड’ (Stieda body) नावाचे बूच असते, पक्ष्यांतील जातींत ते दिसत नाही. या फरकाच्या आधारे २०१६ मध्ये धनेशांतील परजीवींवर काम करताना एव्हिस्पोरा ही वेगळी प्रजाती सुचवण्यात आली. पशुवैद्यकीय व्यवहारात मात्र कॅरिओस्पोरा हेच नाव चालते.

रोग मुख्यतः पाळलेल्या ससाण्यांच्या पिल्लांत, साधारण ४ ते ८ आठवड्यांच्या वयात होतो. मर्लिन हा लहान ससाणा विशेष बळी पडतो. पिल्लू फुगून बसते, खाल्लेले मांस उलटून टाकते, पोटात कळ आल्यासारखे वाकते, विष्ठेचा गडद भाग रक्ताळतो. काही पिल्ले लक्षणांविनाच दगावतात. आतड्याची हानी ऊसिस्ट बाहेर पडण्यापूर्वीच झालेली असल्याने विष्ठा तपासणी निरंक येऊनही रोग असू शकतो. अशा वेळी मृत पिल्लाच्या लहान आतड्याचा खरवड लगेच पाहावा.

तपासणीसाठी विष्ठेतील पांढरा युरेटचा (मूत्रक्षाराचा) भाग टाळून फक्त गडद भाग घ्यावा. पक्ष्याने तोंडावाटे टाकलेली केस-हाडांची गोळी म्हणजे विष्ठा नव्हे. ऊसिस्ट रोज सारखे पडत नाहीत, म्हणून सलग ३ दिवसांचे नमुने एकत्र करावेत. तरंगणीसाठी (ऊसिस्ट जड द्रावणावर तरंगवून वेगळे करण्यासाठी) साखरेचे द्रावण (४५४ ग्रॅम साखर, ३५५ मिलि पाणी) चांगले. संपृक्त मिठाचे द्रावण स्वस्त, पण त्यात स्फटिक लवकर धरतात व पातळ भिंतीचे स्पोरोसिस्ट चेपतात. कॅरिओस्पोराचा ताजा ऊसिस्ट अपक्व असतो आणि त्यावरून प्रजाती सांगता येत नाही. त्यासाठी विष्ठा २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कालवून पेट्री बशीत काही मिलिमीटर जाडीचा थर द्यावा व सुमारे २५° से. तापमानाला काही दिवस ठेवावे. खोल बाटलीत बूच लावून ठेवल्यास प्राणवायूअभावी ऊसिस्ट पक्व होत नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये तर ते मरतातच. कशाभिकायुक्त (चाबकासारख्या तंतूने हालणारे) जीव, उदा. जिआर्डिया, पाहायचे असतील तर कोमट सलाइनमध्ये ताजी विष्ठा लगेच पाहावी, थंड नमुन्यात त्यांची हालचाल थांबते. क्रिप्टोस्पोरिडियमसाठी सुधारित झील-नील्सन रंजन वापरतात.

आयमेरिया किंवा चिमणीवर्गीय पक्ष्यांतील आयसोस्पोरा सापडल्यास आधी आहार विचारावा. ससा, लावा किंवा चिमणी खाल्ल्यावर त्यांचे ऊसिस्ट आतड्यातून जसेच्या तसे पार होतात. २ ते ३ दिवस आहार बदलून पुन्हा तपासले असता ते नाहीसे झाले, तर ते छद्मपरजीवी होते, उपचार नको.

कॅरिओस्पोरावर टोलट्राझुरिल हे कॉक्सिडियानाशक औषध वापरतात. मात्रा ग्रंथांगणिक बदलते, साधारण १० ते २५ मिग्रॅ प्रति किग्रॅ, एकाहून अधिक वेळा. २.५ टक्के द्रावणात मिलिमागे २५ मिग्रॅ औषध असते, म्हणजे २०० ग्रॅमच्या मर्लिनला १० मिग्रॅ प्रति किग्रॅ या हिशोबाने फक्त ०.०८ मिलि, चूक बहुधा दशांश चिन्हातच होते, म्हणून १ मिलिची सिरिंज वापरावी. द्रावण तीव्र अल्कधर्मी असल्याने नुसते घशात ओतल्यास अस्तर भाजते व पक्षी ओकतो. मांसाच्या तुकड्यात भरून द्यावे. औषधापेक्षा पिंजऱ्याची स्वच्छता कठीण आहे. ब्लीच व चतुर्थक अमोनियम जंतुनाशके ऊसिस्टवर जवळपास निष्प्रभ ठरतात. वाफ किंवा १० टक्के अमोनिया परिणामकारक असतात, मात्र अमोनिया व ब्लीच एकत्र आल्यास विषारी वायू निघतो आणि अमोनिया वापरताना पक्षी बाहेर काढावेच लागतात. मातीच्या तळाच्या पिंजऱ्यात वरची माती काढून टाकून नवी भरणे, तेही पिल्ले येण्यापूर्वी, एवढाच मार्ग उरतो.