मडक्यात मुरलेले पराग

कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात भिंतीच्या फटीतून कधी कधी डिंकाची बारीक नळी बाहेर आलेली दिसते. तिच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढ्या काळ्या माश्या घुटमळत असतात. ही पोया, म्हणजेच डंखहीन मधमाशी. तिला नांगी असते, पण ती इतकी खुरटलेली की टोचता येत नाही. केरळात हिच्या आंबटगोड मधाला आयुर्वेदिक औषधांसाठी मोठी मागणी आहे. तिने साठवलेल्या परागांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला तर तेच जास्त विलक्षण वाटतात.

सातेरी, म्हणजे आपल्याकडे पेटीत पाळली जाणारी नेहमीची मधमाशी, मेणाच्या षटकोनी घरांत पराग भरते. पोयाची तऱ्हा वेगळी. ती मेणात झाडांचा चीक आणि राळ मिसळून छोटी मडकी घडवते, मधाची वेगळी आणि परागांची वेगळी. परागांचं मडकं भरलं की ते बंद होतं, आणि आत यीस्ट व लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. इडलीच्या पिठात जे रात्रभर घडतं, तेच इथे सावकाश घडतं. चव आंबट होते, आम्लामुळे कुजवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. ब्राझीलमध्ये या मुरलेल्या परागांना ‘साम्बुरा’ म्हणतात.

परागकण पचायला तसा कठीण. त्याचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिनचं असतं, आणि ते इतकं चिवट की तळ्यांच्या गाळात हजारो वर्षं टिकतं. आंबवल्याने हे कवच विरघळत नाही, पण आतली काही प्रथिनं सुटी होऊन लहान तुकड्यांत मोडतात. शिवाय परागांत फ्लॅव्होनॉइड आणि कॅरोटिनॉइड हे रंगीत घटक असतात. पिवळ्या-केशरी छटांमागे बहुतेकदा हेच असतात, आणि प्रयोगशाळेत त्यांचे अँटिऑक्सिडंट गुण दिसतात.

ब्राझीलच्या मारान्यांव राज्यात ‘तिऊबा’ नावाची डंखहीन माशी पूर्वापार पाळली जाते. तिने गोळा केलेल्या परागांचा अर्क प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिल्यावर त्यांची सूज आणि वेदना कमी झाल्याचं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. निष्कर्ष आशादायक आहे. पण तो मद्यार्कात काढलेला अर्क होता, मोजून दिलेला, आणि प्राण्यांना दिलेला. चमचाभर पराग खाल्ल्याने माणसाची सांधेदुखी थांबते, असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. या परागांबद्दलचा बहुतेक पुरावा परीक्षानळी आणि उंदरांपर्यंतचाच आहे. मधुमेह किंवा कर्करोग ‘बरा करणारे’ पराग कुणी विकत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पराग म्हणजे फुलांची बेरीज, हेही विसरून चालणार नाही. एकाच माशीने नारळावरून आणले तर गुण एक, रानफुलांवरून आणले तर दुसरे. रानमोडी, खुळखुळा अशा वनस्पतींत यकृताला घातक अल्कलॉइड असतात आणि ती परागांतूनही येऊ शकतात. बागेत फवारलेलं कीटकनाशकही तसंच येतं. ज्यांना परागांची ॲलर्जी आहे, त्यांनी तर यांपासून लांबच राहावं. क्वचित घसा सुजून श्वास कोंडण्यापर्यंत वेळ येते. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नयेत.

आणि हे पराग मुळात कुणासाठी साठवलेले असतात? पोया अळीला रोज भरवत नाही. ती अळीसाठी बांधलेल्या छोट्या बंदिस्त घरात, म्हणजे पेशीत, पराग, मध आणि स्वतःच्या ग्रंथींतला रस यांचं मिश्रण एकदाच भरते, राणी त्यावर अंडं घालते आणि पेशी बंद होते. मोठं होईपर्यंत अळीला लागणारी सगळी शिदोरी तेवढीच. ब्राझीलमधल्या एका डंखहीन जातीत तर या अन्नावर वाढणारी बुरशीही अळी खाते. कीटकांना स्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ स्वतः बनवता येत नाही, आणि कोषात जाण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाचा हा कच्चा माल या अळीला त्या बुरशीतूनच मिळतो, हे 2018 मध्ये उलगडलं. मडकी रिकामी केली की वसाहतीला नव्या पेशी भरायला पराग उरत नाहीत. पावसाळ्यात फुलं कमी असतात आणि माश्यांना बाहेर पडता येत नाही, तेव्हा तर ही मडकी हाच त्यांचा आधार असतो.