जाळीचे प्रक्षेपण-निर्धारण
नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आणलेली जाळी (ग्रिड, म्हणजे ओळी-स्तंभांच्या चौकटींत मांडलेले आकडे) कोणत्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीत) व कोणत्या डेटमवर (स्थाने मोजण्याच्या संदर्भ-चौकटीवर) तयार झाली, हे सॉफ्टवेअरला सांगण्याची क्रिया. एका प्रक्षेपणातून दुसऱ्यात रूपांतर करणे ही याहून वेगळी क्रिया आहे. निर्धारणात आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ ठरतो. रूपांतरात जाळीच नव्याने घडते. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘असाइन प्रोजेक्शन’ व ‘वॉर्प’ ही दोन साधने त्यासाठीच स्वतंत्र ठेवलेली आहेत.

आस्की जाळीच्या (साध्या मजकूर-फाइलीत साठवलेल्या जाळीच्या) शीर्षभागात ओळी-स्तंभांची संख्या, कोपऱ्याचे सहनिर्देशक व चौकटीचा आकार असतो, प्रक्षेपण नसते. प्रक्षेपण नोंदवणारी सोबतची पीआरजे फाइल नसेल तर कोपऱ्याच्या आकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. सांगली शहराच्या आसपास ७४.६ व १६.९ असे आकडे असतील तर ते अंश होत. सुमारे ४,५५,००० व १८,६३,००० असतील तर यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे विभाग पाडून मीटरांत मोजणारे प्रक्षेपण) विभाग ४३ उत्तर, आणि ८३ लाख व १९ लाखांच्या घरात असतील तर वेब मर्केटर (इंटरनेटवरील नकाशांचे प्रक्षेपण). यूटीएम विभाग ४३ चे मध्यवर्ती ७५° रेखावृत्त सांगली जिल्ह्यातूनच जाते व त्यावर पूर्वांक (पूर्व-पश्चिम सहनिर्देशक) पाच लाख धरतात, त्यामुळे त्याच्या पूर्वेकडील जतचा पूर्वांक पाच लाखांच्या वर भरतो. वेब मर्केटरमध्ये थेट मोजलेले क्षेत्रफळ या अक्षांशावर सुमारे ९ टक्के जास्त येते. पूरबाधित क्षेत्र मोजताना ही चूक क्षम्य नव्हे.

खरी अडचण जुन्या टोपोशीटांवरून (सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांवरून) संगणकात अंकित केलेल्या जाळ्यांची. सांगली-मिरज ४७ एल या शीटात, तर सातारा शहर ४७ जी व ४७ के यांच्या सीमेलगत येते. ही शीटे एव्हरेस्ट गोलाभ (पृथ्वीच्या आकाराचे गणिती प्रारूप, १८३०) व बहुशंकू प्रक्षेपणावर आधारलेली आहेत. या गोलाभाच्या अर्ध-दीर्घाक्षाबाबत एकमत नाही. मूळ माप भारतीय फुटांत असल्याने फूट-मीटर गुणोत्तरानुसार ६३,७७,२७६.३४५ मी. (१९३७), ६३,७७,३०१.२४३ मी. (१९६२) व ६३,७७,२९९.१५१ मी. (१९७५) अशी मूल्ये रूढ झाली. भारतासाठी बहुधा शेवटचे मूल्य ग्राह्य धरावे. मात्र या २५ मीटरांचा क्षैतिज स्थानावर फारसा परिणाम होत नाही. पण या गोलाभावर आधारलेल्या एव्हरेस्ट डेटमला डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) समजल्यास या भागात नकाशा शंभर मीटरहून अधिक सरकतो, आणि तेवढ्यात कृष्णाकाठची वस्ती पात्रात दिसू शकते. म्हणून शीटाचे कोपरे प्रथम एव्हरेस्टच्या अक्षांश-रेखांशांवर बसवून नंतर रूपांतर करणे इष्ट. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या खुल्या मालिकेत डब्ल्यूजीएस ८४ व यूटीएम असल्याने हा प्रश्न उरत नाही.

एसआरटीएम या अंतराळयानातील रडार-मोहिमेची उंची-जाळी (२०००) अंशांत असते. ती तशीच ठेवून कोयना खोऱ्याचा उतार काढला तर आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरांत राहते, व सारे डोंगर जवळजवळ उभे कडे ठरतात. आधी यूटीएममध्ये रूपांतर करावे. रूपांतरात नव्या चौकटींची मूल्ये ठरवताना उंचीसाठी द्विरेखीय पद्धत (शेजारच्या चार चौकटींची भारित सरासरी) चालते. पीक-नकाशाला निकटतम चौकटीचे मूल्य जसेच्या तसे घेण्याचीच पद्धत लागते, कारण ऊस १ व द्राक्षे ३ असे संकेतांक असल्यास सरासरीने दोन्हींच्या बांधावर २ क्रमांकाचे, शेतात नसलेले पीक उमटते.