मोगलाईतून आलेले, परदेशी गेलेले : स्थलांतराच्या अभ्यासकांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या म्हाताऱ्या माग कामगाराला मूळ गाव विचारलं की करीमनगर, वरंगळ, मेदक, नलगोंडा यांपैकी एखादं नाव येतं. पाठोपाठ येतं ते "आमचे आजोबा मोगलाईतून आले." मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. मोगल कधीच गेले, निजामाची राजवटही १९४८ च्या सप्टेंबरात संपली. शब्द मात्र टिकून आहे, कारण तो एका हद्दीचा शब्द आहे. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि इथून पंचेचाळीस किलोमीटरवरचं तुळजापूर निजामाकडे. तिकडे निजामाचा हाली सिक्का चाले, इकडे इंग्रजांचा कलदार रुपया. तिकडच्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. मग तेलंगणातून सोलापुरात आलेला पद्मशाली विणकर देशातल्या देशात हलला, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला?

आजचा अभ्यासक याला सरळ 'अंतर्गत स्थलांतर' म्हणेल. त्या विणकराला विचारलं असतं तर त्यानं वेगळं सांगितलं असतं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर हा अभ्यासाचा विषय कसा घडला, हे पाहताना ही अडचण पावलोपावली भेटते. सीमा सरकतात, व्याख्या बदलतात. आणि अभ्यासक वही घेऊन कुठं बसला आहे, माणसं निघाली त्या गावात की पोहोचली त्या शहरात, यावर त्याला काय दिसणार हे ठरतं. बहुतेक सगळे पोहोचलेल्या शहरातच बसले.

सुरुवात साधारणपणे अर्न्स्ट गेऑर्ग रॅव्हेनस्टाइनपासून सांगतात. जन्म फ्रँकफुर्टचा, १८३४ चा. तरुणपणी लंडनला आला, ब्रिटिश युद्धखात्यात नकाशे काढू लागला. म्हणजे स्वतःच स्थलांतरित. विल्यम फार या नामांकित संख्याशास्त्रज्ञानं सहज म्हटलं होतं की स्थलांतराला काही नियम दिसत नाही. ते रॅव्हेनस्टाइनच्या मनात बसलं. जनगणनेत माणूस कुठं जन्मला आणि कुठं सापडला एवढीच माहिती असते. त्या दोन रकान्यांवरून त्यानं १८८५ मध्ये 'स्थलांतराचे नियम' मांडले आणि १८८९ मध्ये वीसहून अधिक देशांचे आकडे घेऊन ते पुन्हा तपासले. बहुतेक माणसं जवळच जातात. लांब जाणारे मोठ्या व्यापारी शहरांकडे जातात. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. देशातल्या देशात हलण्यात बायका पुरुषांपेक्षा पुढं असतात. हा शेवटचा नियम आपल्याकडे लग्नामुळे इतका उघड आहे की त्याला नियम म्हणायचं का, असं वाटतं. पण लंडनच्या संख्याशास्त्र सभेत त्याचा निबंध ऐकणाऱ्या पुरुषांना तो नवा होता.

भारतात सगळीकडे एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ ची. जन्मस्थानाचा रकाना तीतही होता. पुढं १८८४ मध्ये सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर छापून आलं, जातवार वर्णनांसह. त्यामुळे इथले तेलुगू विणकर कागदावर बऱ्यापैकी लवकर आले. मात्र आले ते 'इथं असलेले लोक' म्हणून. ते का आले, हे नंतरच्या इतिहासकारांना जुळवावं लागलं. डग्लस हेन्स आणि तीर्थंकर रॉय यांनी विणकरांच्या स्थलांतरावर १९९९ मध्ये लिहिलं, तेव्हा एक जुना समज मागं पडला. विणकर म्हणजे पिढ्यानपिढ्या एका गावात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विणकर सतत हलत आले आहेत: दुष्काळामुळे, करामुळे, आश्रयदात्याच्या बोलावण्यावरून, बाजाराच्या मागं.

सोलापूरच्या बाबतीत ही कारणं एकमेकांत गुंतली. रेल्वे १८६० च्या सुमारास आली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळला. त्याच काळात, १८७७ मध्ये, आपली कापडाची 'जुनी गिरणी' सुरू झाली. गिरणी आली की हातमाग मरतो, हे शाळेत शिकवलेलं गणित इथं चुकलं. गिरणीचं सूत हाताशी आलं, रेल्वेनं माल लांब जाऊ लागला, दख्खनच्या बायकांना नऊवारी लुगडी हवीच होती. भोंग्याच्या आवाजाखालीच हातमाग वाढले. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ या वस्त्या तेलुगू बोलत राहिल्या आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघू लागला.

या शहराची पद्धतशीर पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं केली. रा. गो. काकडे यांनी इथल्या विणकर समाजांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती १९४७ मध्ये छापली गेली. धनंजयराव गाडगीळांच्या नावानं सोलापूर शहराचा मोठा अभ्यास १९६५ मध्ये आला. माग किती, मजुरी किती, कर्ज कुणाचं, घर कसलं, हे सगळं या परंपरेत मोजलं गेलं आणि चिकाटीनं मोजलं गेलं. पण हा अभ्यास शहराचा होता. जिथून माणसं उठून आली त्या करीमनगरकडच्या गावात मागं काय उरलं, कोण उरलं, पैसे कोण पाठवत होतं, हे चौकटीबाहेर राहिलं. हा दोष गाडगीळांचा म्हणता येत नाही. सगळ्या जगातला अभ्यास तेव्हा असाच एका काठावरून चालत होता.

याला अपवाद फार आधी घडला होता, तोही अर्धा योगायोगानं. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ विल्यम थॉमस पोलिश स्थलांतरितांचा अभ्यास करत होते. १९१३ मध्ये ते वॉर्सात फ्लोरियान झ्नानिएत्स्की या तरुण तत्त्वज्ञाला भेटले. परदेशी जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या संस्थेत तो काम करत होता, म्हणजे नेमका निघण्याच्या दारात बसला होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि तो शिकागोला पोहोचला. दोघांनी मिळून १९१८ ते १९२० या काळात पोलिश शेतकऱ्यावर पाच खंड लिहिले. त्यांचा कच्चा माल होता पत्रं. पोलंडातल्या घरून अमेरिकेत आलेली खासगी पत्रं त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन विकत घेतली. शेताची वाटणी, बहिणीचं लग्न, पैसे का आले नाहीत म्हणून रुसवा, असं सगळं त्यात होतं. स्थलांतर म्हणजे एका माणसाचा प्रवास नसून दोन्हीकडे ताणलेलं एक घर असतं, हे त्या पत्रांनी दाखवलं.

पुढं अर्थशास्त्रज्ञांचा जोर वाढला आणि घर पुन्हा मागं पडलं. एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मांडलेले ढकलणारे आणि खेचणारे घटक तर स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक वहीत सापडतात. लींनी वाटेतले अडथळे आणि माणसामाणसातला फरक हेही सांगितलं होतं. वहीत ते सहसा उतरत नाही. मायकेल टोडारो यांनी १९६९ मध्ये म्हटलं की माणूस शहरातल्या आजच्या मजुरीकडे पाहत नाही, तिथं काम मिळण्याच्या शक्यतेनं गुणलेल्या मजुरीकडे पाहतो. म्हणून बेकारी असूनही शहर भरत राहतं. हुशार गणित आहे. पण त्यात माणूस एकटाच आकडेमोड करत बसलेला असतो.

ओडेड स्टार्क यांनी १९८० च्या दशकात हे बदललं. निर्णय घर घेतं, आणि तो जास्त कमाईइतकाच धोका वाटून घेण्यासाठी असतो, असं त्यांचं म्हणणं. पूर्व भागात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. एक भाऊ इथं यंत्रमागावर, दुसरा भिवंडीला किंवा सुरतेला, घरातली बाई विड्या वळते. टॉवेलचा बाजार बसला तर विडी आहे, विडी बसली तर भिवंडीचे पैसे आहेत. याला सिद्धांत म्हणतात हे तेवढं त्यांना माहीत नसतं.

सगळ्यात खरमरीत टीका मात्र अब्देलमालेक सयाद यांची. हे अल्जीरियाचे, काबिलियाच्या डोंगराळ मुलखात १९३३ मध्ये जन्मलेले. पुढं फ्रान्समध्ये राहून समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांच्याबरोबर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की फ्रेंच अभ्यासकाला फक्त 'आलेला' माणूस दिसतो. त्याचं घर, त्याची शाळा, त्याची बेकारी, त्याचा उपद्रव. पण तो येण्याआधी कुठून तरी 'गेलेला' असतो, आणि ते जाणं सोडून येण्याचा अभ्यास करणं म्हणजे अर्धाच अभ्यास. गावात तो नाही, शहरात असून नाही. याला त्यांनी दुहेरी अनुपस्थिती म्हटलं. सयाद १९९८ मध्ये गेले. या विषयावर एकाच अभ्यासकाचं वाचायचं झालं तर मी त्यांचं नाव सांगेन.

दोन्ही काठांवर एकदम उभं राहायची रीत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि मेक्सिकोचे होर्हे दुरांद यांनी रुळवली. १९८२ पासून त्यांनी मेक्सिकोतल्या गावांत घरोघर जाऊन माहिती घेतली आणि त्याच गावचे लोक अमेरिकेत शोधून त्यांनाही विचारलं. त्यातून मोठी गंमत बाहेर आली. पूर्वी मजूर हंगामाला जायचे आणि परत यायचे. अमेरिकेनं सीमा आवळली तसं परत जाऊन पुन्हा येणं महाग आणि जिवावरचं झालं, म्हणून माणसं तिकडेच राहू लागली आणि बायकामुलं तिकडे गेली. लोकांना बाहेर ठेवण्यासाठी घातलेल्या कुंपणानं आतल्यांना आत कोंडलं, असं मॅसींचं म्हणणं आहे.

आपल्याकडचा जुना वारसा गिरमिटाचा, म्हणजे करारावर परदेशी नेलेल्या मजुरांचा. १८३४ पासून मॉरिशसला करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथं आजही आहेत. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, १९१५ मध्ये गांधीजींचे सहकारी अँड्र्यूज आणि पिअर्सन फिजीला जाऊन अहवाल घेऊन आले, १९१७ मध्ये भरती थांबली. हे मजूर म्हणजे फसलेला, उडाणटप्पू, समाजानं टाकलेला गाळ, असा सरकारी सूर होता. तो मोडला ब्रिज लाल यांनी. ते स्वतः फिजीतल्या गिरमिटियाचे नातू. उत्तर भारतातून फिजीला गेलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक मजुरांचे परवाने त्यांनी संगणकावर उतरवले. प्रत्येक परवान्यावर नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, वय. बेरीज केली तेव्हा तो गाळ निघाला नाही, उत्तर भारतातल्या खेड्याचा सर्वसाधारण नमुनाच निघाला.

स्वतंत्र भारतात हे काम पुढं नेणारं नाव के. सी. झकारिया. मुंबईत येणाऱ्या स्थलांतरितांवर त्यांनी १९६८ मध्ये लिहिलं. तेव्हा ते पोहोचलेल्या शहरात बसले होते. नंतर जागतिक बँकेत काम करून ते केरळला परतले आणि तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रातून एस. इरुदया राजन यांच्याबरोबर १९९८ मध्ये केरळ स्थलांतर पाहणी केली. या खेपेला निघणाऱ्या गावात बसून. दहा हजार घरांत जाऊन प्रश्न विचारला: तुमच्या घरातलं कोण परदेशात आहे? हिशेब आला सुमारे १३.६ लाख माणसांचा, बहुतेक आखातात. पुढं ही पाहणी साधारण दर पाच वर्षांनी होत राहिली. कोण गेलं, कोण परतलं, पैसे किती आले, मागं राहिलेल्या बायकांचं काय झालं, हे केरळला आज आकड्यांत सांगता येतं. पैशाच्या बाजूवर ओडिशाच्या खेड्यातून जागतिक बँकेत गेलेल्या दिलीप रथ यांनी सगळ्या जगाचं लक्ष वेधलं. २०२२ मध्ये भारतात घरी आलेल्या परदेशी कमाईनं शंभर अब्ज डॉलरचा आकडा ओलांडला.

महाराष्ट्रात सरकारी कागद वेगळाच हिशेब ठेवतो. १९८३ च्या कायद्यानं काही देशांत मजुरीला जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाला परवानगी घ्यावी लागते, तेवढ्यांची नोंद होते. दहावी झालेला दुबईला गेला, अभियंता जर्मनीला गेला, तर त्या नोंदीत त्याचा पत्ता नाही.

संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची व्याख्या सांगते की बारा महिने किंवा अधिक काळ नेहमीचा मुक्काम दुसऱ्या देशात हलवला तो दीर्घकालीन आंतरराष्ट्रीय स्थलांतरित. २०२० मध्ये दुसऱ्या देशात राहणारी माणसं जगभरात सुमारे २८ कोटी होती. या मापानं आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसही त्यात बसतात. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथंच लग्न केलं, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले. कुणी त्यांना स्थलांतरित म्हणत नाही. आणि हद्द ओलांडून आलेला विणकर या व्याख्येत येत नाही, कारण आजच्या नकाशावर ती हद्दच नाही.

आता २०२७ ची जनगणना आहे. प्रगणक पूर्व भागातल्या दारात येईल. आधी कुठं राहत होता, का आलात, किती वर्षं झाली, हे घरातल्या माणसांना विचारण्याची रीत जुनी आहे. जो मुलगा मस्कतला आहे तो त्या दिवशी घरात नसेल. त्याच्या आईनं आपणहून सांगितलं, तरी ते लिहायला आजवरच्या जनगणनेत रकाना नव्हता.