वर्क ऑफसेट (सीएनसी यंत्रण)

सीएनसी मशीनच्या स्वतःच्या शून्यबिंदूपासून टेबलावर बांधलेल्या जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) शून्यबिंदू प्रत्येक अक्षावर किती अंतरावर आहे, याची कंट्रोलमध्ये (मशीन चालवणाऱ्या संगणकात) साठवलेली नोंद म्हणजे वर्क ऑफसेट. पाठ्यपुस्तकी भाषेत ही जॉबची निर्देशक पद्धती आणि तिचा आरंभबिंदू. भोसरी किंवा सातपूरच्या शॉपमध्ये मात्र ‘झिरो घेतला का?’ एवढेच विचारले जाते, आणि घेतलेला झिरो कुठे टाकला हे सांगायला ‘जी ५४’ हे नोंदीच्या कोडचे नाव पुरते.

मशीनचा झिरो कारखान्यातूनच ठरून येतो. बहुतेक व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनवर) तो अक्षांच्या धन टोकाला असतो, त्यामुळे टेबलावरच्या कुठल्याही जागेचे मशीन-आकडे उणे दिसतात. ड्रॉइंगला याचे काही देणेघेणे नसते. तिथे भोक कोपऱ्यापासून २५ आणि १० मिमीवर आहे, म्हणून प्रोग्रॅममध्येही एक्स २५ वाय १० लिहिले जाते. व्हाइस (जॉब पकडणारा शिकंजा) टेबलाच्या डाव्या टोकाला आहे की मधोमध, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. कंट्रोल दर ब्लॉकला (प्रोग्रॅमच्या ओळीला) ऑफसेटचा आकडा मिळवून खरी जागा काढतो. महिन्याभराने तोच जॉब पुन्हा आला आणि व्हाइस दुसरीकडे बांधली, तरी प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

आकडा मिळवायची रीत साधी आहे. १० मिमी टोकाचा एज फाइंडर (कड शोधायचे साधन) स्पिंडलमध्ये, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्यात, धरून ५००–६०० आरपीएमवर फिरवायचा आणि जॉबच्या डाव्या बाजूला हळूहळू आणायचा. डगमगणारे टोक आधी सरळ फिरू लागते आणि मग एकदम बाजूला सटकते, तिथे थांबायचे. समजा तेव्हा मशीनचा एक्स उणे ४१२.३५० आहे. हा आकडा स्पिंडलच्या मध्याचा, आणि मध्य जॉबच्या कडेपासून ५ मिमी डावीकडे. म्हणून जी ५४ च्या एक्समध्ये उणे ४०७.३५० जाते. ५ मिळवायचे की वजा करायचे, इथे नवा सेटर (मशीनवर जॉब लावणारा) हमखास अडखळतो, आणि चुकले की जॉब बरोबर १० मिमीने सरकतो. असा नेमका १० चा फरक दिसला की जुना माणूस प्रोग्रॅम न उघडताच ऑफसेटचे पान उघडतो. प्रोब बसवलेल्या मशीनवर हीच बेरीज मॅक्रो (कंट्रोलमधला छोटा हिशेबी प्रोग्रॅम) करतो. स्पर्शाने सिग्नल देणारा हा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला, तो कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाच्या नळ्या मोजण्यासाठी.

पूर्वी हे काम जी ९२ वर चाले, लेथवर जी ५० वर. ‘टूल आत्ता जिथे उभे आहे, ती जागा झिरोपासून इतकी’ असे प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीतच सांगायचे. टूल ठरल्या जागी उभे असेल तोवर ठीक. मध्येच थांबवून दुसऱ्या जागेवरून पुन्हा सुरू केले की झिरोही त्याच्याबरोबर सरकला. जी ५४ ते जी ५९ या सहा नोंदींनी ही कटकट संपवली, कारण आता आकडा टूलच्या जागेवर अवलंबून नाही. जी ९२ अजून कंट्रोलमध्ये आहे आणि धोकाही तोच: त्याने केलेला सरकाव सहाही ऑफसेटना एकदम लागतो. व्हीएमसीच्या नव्या प्रोग्रॅममध्ये तो लिहायचे कारण क्वचितच सापडेल.

सहा नोंदी अपुऱ्या पडतात तिथे प्रत्येक कंट्रोलची तऱ्हा वेगळी. फानुकवर जी ५४.१ पी १ ते पी ४८, हासवर जी १५४ पी १ ते पी ९९, सिमेन्सच्या सिन्युमेरिकवर जी ५४ ते जी ५७ नंतर थेट जी ५०५ ते जी ५९९. मुक्त स्रोत लिनक्ससीएनसीत जी ५९.३ पर्यंत मिळून नऊ. जी ५३ यांच्या रांगेत बसत नाही. तो त्या एका ब्लॉकपुरता ऑफसेट बाजूला ठेवून मशीनच्या आकड्यांवर चालवतो, म्हणून टूल बदलायच्या जागी जाण्यासाठी सोयीचा.

झेडचा (उभ्या अक्षाचा) हिशेब वेगळा सांगावा लागतो, कारण तिथे टूलची लांबीही येते. एका पद्धतीत प्रत्येक टूल जॉबच्या माथ्याला टेकवून तो मोठा उणे आकडा टूल ऑफसेटमध्ये (टूलच्या लांबीच्या नोंदीत) टाकतात आणि जी ५४ चा झेड शून्य ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत टूलची खरी लांबी प्रीसेटरवर (मशीनबाहेरच्या मोजणी-साधनावर) मोजतात आणि जॉबची उंची जी ५४ च्या झेडमध्ये टाकतात. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्या पाळीने एक आणि दुसऱ्या पाळीने दुसरी वापरली की टूल आपटते.

कॅम सॉफ्टवेअरमध्ये (मॉडेलवरून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या) याच गोष्टीचे दोन भाग होतात: आरंभबिंदू मॉडेलवर कुठे मानायचा, आणि पोस्टप्रोसेसरने (त्या मशीनच्या भाषेत फाइल काढणाऱ्या भागाने) कोणता कोड लिहायचा. पहिल्यात मोह असतो स्टॉकच्या (कच्च्या तुकड्याच्या) वरच्या मध्याचा, पडद्यावर तो छान दिसतो. पण करवतीवर कापलेला ५० चा तुकडा कधी ५०.४ भरतो आणि मध्य ०.२ ने सरकतो. व्हाइसचा स्थिर जबडा जागचा हलत नाही. त्याला टेकलेली कड आणि स्टॉपरला टेकलेला कोपरा धरला तर प्रत्येक तुकड्याला झिरो घ्यावा लागत नाही. जॉब दुसऱ्या बाजूने बांधला की, म्हणजे दुसऱ्या सेटिंगला, झिरो यंत्रण झालेल्या पृष्ठभागावरच घ्यावा.

दुसऱ्या भागातली गंमत क्रमांकाची. मास्टरकॅममध्ये ऑफसेट ० म्हणजे जी ५४ आणि १ म्हणजे जी ५५. फ्यूजन या दुसऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे १ म्हणजे जी ५४. मास्टरकॅमवर हात बसलेल्या माणसाने फ्यूजनमध्ये दुसऱ्या व्हाइससाठी सवयीने १ टाकले, तर तो प्रोग्रॅम पहिल्या व्हाइसवर उतरतो. दोन्हीकडे एकच जॉब असेल तर टूल झालेल्या जॉबवरून हवेत फिरून येते. वेगळे असतील तर टूल आपटून आवाज होतो. तपासायला मिनिटही लागत नाही: निघालेली फाइल उघडून ‘जी ५’ शोधायचे.

एकाच टेबलावर सहा जॉब आणि प्रत्येकाला चार टूल असतील, तर जॉबवार क्रमाने २४ वेळा टूल बदलते, टूलवार क्रमाने फक्त ४ वेळा. एका बदलाला ८ सेकंद धरले तरी १६० सेकंद वाचतात. फ्यूजनच्या सेटअपमध्ये एकाहून जास्त ऑफसेट निवडून टूलवार क्रम मागता येतो. मात्र एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना टूल क्लॅम्पच्या बोल्टांवरून जाते, आणि ते बोल्ट मॉडेलमध्ये बहुधा काढलेलेच नसतात. तिथली झेड उंची टेपने मोजून द्यावी.

ऑफसेट प्रोग्रॅममधूनही लिहिता येतो: जी १० एल २ पी १ पुढे एक्स, वाय, झेडचे आकडे. ठरावीक जागी बसणाऱ्या फिक्स्चरसाठी (जॉब धरणाऱ्या साच्यासाठी) हे उत्तम, कारण सेटरला आकडे हाताने भरावे लागत नाहीत. पण ही ओळ जी ९१ (आकडे सध्याच्या जागेपासून मोजायची रीत) चालू असताना आली, तर फानुकवर आकडा बदलण्याऐवजी जुन्यात मिळवला जातो. प्रोग्रॅम दोनदा चालवला की सरकाव दुप्पट. शिवाय फानुकवर पी ० म्हणजे बाह्य ऑफसेट, जो सगळ्या नोंदींना लागतो, तर लिनक्ससीएनसीवर पी ० म्हणजे सध्या चालू असलेली नोंद. एल २० फानुकवर वाढीव नोंदी लिहितो. लिनक्ससीएनसीवर तो टूलच्या सध्याच्या जागेला दिलेला आकडा मानतो. एका कंट्रोलवरची ओळ दुसऱ्यावर जशीच्या तशी चिकटवू नये, ते अशा कारणांनी.

बाह्य ऑफसेटचे पान एरवी कोणी उघडत नाही. आदल्या पाळीने सगळे जॉब ०.०५ ने खाली घेण्यासाठी तिथे आकडा टाकला आणि काढायचा राहिला, तर सकाळी नव्याने भरलेला जी ५४ बरोबर असूनही जॉब चुकतो. फानुकवर जी ५४ चे एक्स, वाय, झेड ५२२१, ५२२२, ५२२३ या चलांत (कंट्रोलमधल्या क्रमांकाच्या जागांत) असतात आणि बाह्य ऑफसेट ५२०१ पासून. काही शॉपमध्ये प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच मॅक्रोने ५२०१ ते ५२०३ तपासतात आणि त्यातला एक जरी शून्य नसेल तर अलार्म देऊन मशीन थांबवतात.